आधी कंदील, मग चंद्र

(दृश्य: होडी, अगदी जवळून)

टर्नर या इंग्रज चित्रकाराचं हे रात्रीच्या समुद्राचं चित्र. त्यातल्या चंद्राकडे नंतर येऊ. आधी होडीत बघा. कंदिलाचा तांबूस उजेड माणसांच्या अंगावर आणि होडीच्या फळ्यांवर पडलाय. काठाबाहेर तो फारसा जात नाही. हातातलं काम दिसलं की पुरे, कोळ्यांना तेवढाच लागतो. या चित्रावर लिहिणारे कंदिलाला बिचारा, दुबळा ठरवतात. तो कामाचा दिवा आहे.

(दृश्य: पूर्ण चित्र)

चित्राचं नाव 'फिशरमेन ॲट सी', म्हणजे समुद्रावरचे कोळी. कॅनव्हासवर तैलरंग, सुमारे ९१ बाय १२२ सेंटीमीटर. लंडनच्या रॉयल अकादमीत, म्हणजे चित्रकारांच्या संस्थेच्या प्रदर्शनात, टर्नरची जलरंगातली चित्रं १७९० पासून लागत होती. तैलरंगातलं हे पहिलं, १७९६ सालचं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

(दृश्य: रंगाचे थर, जवळून)

जलरंगात कागदाचा पांढरा भाग राखून ठेवायचा, तोच उजेड. तैलरंगात रीत उलटी. अंधार पातळ, पारदर्शक थरांनी चढवत न्यायचा आणि उजेड शेवटी, दाट रंगाने. त्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा. घाई इथेच नडते. खालचा थर ओला असताना वर लवकर वाळणारा रंग दिला, की वरचा आधी ताठ होतो, खालचा मागाहून हलतो आणि भेगा पडतात. काळा रंग तेल जास्त पितो, वाळतो सावकाश, म्हणून रात्रीच्या चित्रांना हे दुखणं जास्त.

दुसरं दुखणं व्हार्निशचं, म्हणजे चित्रावर शेवटी देतात त्या पारदर्शक लेपाचं. ते पिवळं पडलं की चांदण्यातला निळसर राखाडी हिरवट होतो आणि चंद्रही कंदिलाच्याच रंगाचा दिसू लागतो. गार उजेड आणि ऊबदार उजेड, हा फरक गेला तर या चित्रात उरतं काय? मोबाइलवरच्या पिवळट प्रतींवरून याच्याबद्दल मत बनवू नये.

(दृश्य: डावीकडचे सुळके, मग आजचं चित्रीकरण)

हे 'नीडल्स', म्हणजे सुया. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट हे बेट आहे, त्याच्या पश्चिम टोकाचे हे खडूचे सुळके. ज्यावरून सुई हे नाव पडलं, तो सुळका १७६४ च्या वादळात कोसळला, टर्नरच्या जन्माआधी ११ वर्षं. १७९५ मध्ये टर्नर या बेटावर रेखाटनं करत हिंडला. टोकावरचा लाल-पांढरा दीपस्तंभ १८५९ चा, चित्रात तो शोधू नका.

(दृश्य: चंद्र, मग पाण्यावरचा पट्टा)

एवढा गोल चंद्र म्हणजे उधाण, हे कोकणात कुणाला सांगायला नको. पाण्याला ओढ जास्त. ओहोटीची धार समोरच्या लाटेला भिडली की लाट आखूड होते, उभी राहते. टर्नरने मात्र लांब, गोलसर लाट घेतली, कारण तुटक लाटेवर चांदणं विखुरतं आणि त्याला ते होडीपर्यंत सलग आणायचं होतं. होडी कलली आहे ती याच लाटेवर.

चांदण्यातल्या चित्रांची तेव्हा चलतीच होती. व्हर्ने, लूथरबर्ग, डर्बीचा जोसेफ राइट या चित्रकारांनी ती रुजवली होती. १७९९ मध्ये टर्नर अकादमीचा असोसिएट, म्हणजे सहसदस्य झाला, १८०२ मध्ये पूर्ण सदस्य. चित्र १९७२ पासून टेट या ब्रिटिश कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

(दृश्य: पुन्हा कंदील. निवेदन नाही.)