मोटार भरणारे मामा

(दृश्य: स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत बसणारी तांब्याची तार)

उन्हाळ्यात तीनपैकी एक फेज गेली तरी विहिरीवरची मोटार लगेच थांबत नाही. गुरगुरत राहते, तापते आणि जळते. मग ती परभणी जिल्ह्यातल्या या दुकानात मामांकडे भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळायला येते. काळी पडलेली कॉईल कापायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी बघायची. तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, कुठं खरवडलं, तर वॉर्निश चढवूनही उपयोग नाही. मोटार पुन्हा जळणार.

(दृश्य: संगणक प्रयोगशाळा, नेटवर्क केबलचं सोललेलं टोक)

आता हेच हात इथं बघा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा, क्रम तोंडपाठ. क्लिपमध्ये सरकवल्या, दाबल्या, झालं.

मामा मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक आहेत. पहिल्यांदा इथं आले होते कूलरची मोटार न्यायला. संगणकाच्या कॅबिनेटला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. मुलांना त्याची सवय झाली होती म्हणे! अर्थिंग तुटलं की पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळं कॅबिनेटवर 230 व्होल्टच्या निम्म्यापर्यंत दाब येतो. करंट थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या.

(दृश्य: इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा)

मामांनी हा खड्डा नव्यानं भरला. तांब्याची पट्टी, कोळसा, खडे मीठ, वरून पाणी. त्यानंतर विभागानं त्यांना सोडलंच नाही.

(दृश्य: पडद्यावर चुकांची लांबलचक यादी)

ही मुलगी मराठी माध्यमातून आलीय. सी भाषेतला एक महिरपी कंस राहिला आणि पडदा इंग्रजी चुकांनी भरला. ती शेवटची चूक आधी वाचतेय, कारण नजरेसमोर तीच आहे. मामा यादी वर सरकवतात आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवतात. तेवढी दुरुस्त कर, बाकीच्या बहुतेक तिच्यामुळंच आल्यात, असं सांगतात. सी त्यांना कुणी शिकवलं नाही. पण बिघाड मुळापासून शोधायचा, ही सवय दुकानातली. पदवीच्या कागदावर ती दिसत नाही, आणि भरतीच्या जाहिरातीत तिला रकानाही नसतो.

(दृश्य: बाकांमधून फिरणारे मामा)

इथून शिकलेली काही मुलं पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली. मामा अजून कंत्राटावर आहेत. नवा आदेश निघाला की पुढचे अकरा महिने.