जिभेवर लोखंडाची चव

(दृश्य : दातांचा दवाखाना. खुर्चीत बसलेल्या बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली आहे.)

"डॉक्टर, मला भुलेच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे हं. आधीच सांगून ठेवते."

दातांच्या डॉक्टरांना हे वाक्य नवं नाही. त्यांचा प्रश्नही ठरलेला असतो. "काकू, तेव्हा नेमकं काय झालं होतं?" छातीत धडधडलं, हात कापले, घाम फुटला. पाच-दहा मिनिटांत थांबलं.

ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसतेच. दाताच्या इंजेक्शनात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधासोबत चिमूटभर अ‍ॅड्रेनालिन असतं, सहसा ८०,००० भागांत १. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर टिकतं. त्यातलं थोडं रक्तात मिसळलं की काळीज धडधडतं. उरलेलं काम भीती करते. काहींना तर नुसती सुई बघूनच भोवळ येते. अंगावर गांधी उठणं, चेहरा सुजणं, धाप लागणं ही खरी अ‍ॅलर्जी. लिग्नोकेननं ती फार क्वचित होते. पण फाइलवर एकदा 'अ‍ॅलर्जी' लिहिलं गेलं, की माणूस वर्षानुवर्षं दाढदुखी अंगावर काढतो.

(दृश्य : लिग्नोकेनची बाटली. लेबलवर '२ टक्के'.)

काळजी करायची ती मात्रेची. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. ३० मिलीच्या या बाटलीत ६०० मिलिग्रॅम औषध आहे. अ‍ॅड्रेनालिन नसेल तर मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. म्हणजे अर्धी बाटली. पंधरा किलोच्या मुलाला तर सव्वातीन मिलीच्या आसपासच हात आखडावा लागतो.

मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमची बारीक दारं असतात. हे औषध ती अडवतं आणि वेदनेचा निरोप पुढे जात नाही. तशीच दारं मेंदूत आहेत, हृदयातही आहेत. औषध जास्त झालं किंवा सुई थेट रक्तवाहिनीत गेली, तर तिथलीही दारं अडतात.

सुरुवात तोंडापासून होते. ओठांभोवती मुंग्या. जिभेवर लोखंडासारखी चव. कानात शिट्टी. शांत बसलेला माणूस एकाएकी बडबडू लागतो, किंवा बोलता बोलता पेंगतो. पुढची पायरी आकडीची, आणि त्यापुढे हृदयाची.

बुपिवाकेन हे जास्त वेळ टिकणारं औषध मात्र इतक्या पायऱ्या पाळेलच असं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी लिहून इशारा दिला : अशा औषधांनी हृदय अचानक थांबतंय, आणि पुन्हा सुरू करणं फार जड जातंय.

(दृश्य : सलाइनच्या स्टँडवर दुधासारखी पांढरी बाटली.)

यावरचा उतारा सापडला तो उलट्या वाटेनं. अमेरिकेतलेच भूलतज्ज्ञ गाय वाइनबर्ग यांचा अंदाज होता की शिरेतून स्निग्ध पदार्थ दिला तर बुपिवाकेनची बाधा वाढेल. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उंदरांनी तो खोटा ठरवला. ते जास्त मात्रा सोसू लागले. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातली हकिगत प्रसिद्ध झाली. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या ५८ वर्षांच्या माणसाचं हृदय थांबलं. वीसेक मिनिटं छाती दाबूनही यश येईना. मग सोयाबीन तेलापासून केलेलं हे पांढरं द्रावण, एरवी जेवू न शकणाऱ्या रुग्णांना पोषणासाठी देतात ते, १०० मिली शिरेतून सोडलं. ठोके परतले. माणूस वाचला.

सिझेरियनला मणक्यात देतात तेही बहुधा बुपिवाकेनच, पण जेमतेम दोनेक मिली. त्यानं रक्तदाब उतरतो, काहींचं डोकं पुढे काही दिवस ठणकतं. उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. "त्या सुईनं माझी कंबर कायमची गेली," हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतरची कंबरदुखी सुई न घेतलेल्यांनाही असते.

आणि एक. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं जेल चोळू नये. क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळाचे ओठ निळे पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी याची सक्त ताकीद दिली.

(दृश्य : पुन्हा तीच खुर्ची.)

डॉक्टर सुई टोचतात, दट्ट्या किंचित मागे ओढतात. रक्त आलं नाही; म्हणजे सुई रक्तवाहिनीत नाही. मग औषध सावकाश सोडतात. "काकू, गाव कुठलं तुमचं?" काकूंना या गप्पा वाटतात. डॉक्टरांचं लक्ष उत्तर कसं येतंय याकडे आहे.

"वाईजवळचं. डॉक्टर, ओठ सुजला ना माझा?"

डॉक्टर आरसा पुढे करतात. ओठ होता तसाच आहे.

"तीन-चार तास असंच जड वाटेल. तोवर गरम चहा नको, आणि ओठ चावू नका. चावलात तरी कळणार नाही."