वरचा आकडा, खालचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. आज रक्तवाहिन्यांच्या म्हातारपणाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात माझ्या मावशीच्या जिन्यापासून करतो.

मावशी ६८ वर्षांची, राहते तिसऱ्या मजल्यावर. मंडईतून आली की प्रत्येक मजल्यावर थांबायची. एकीकडे "आज भाजी काय गं?", दुसरीकडे कुणाच्या नातवाची चौकशी. बिल्डिंगभर ख्याती, मावशी फार बोलक्या! (नव्या इमारतींत जिन्यात कुणी भेटतच नाही, सगळे लिफ्टमध्ये मोबाइलात डोकं घालून. असो.) एकदा पिशवी घेऊन मी तिच्या मागोमाग चढत होतो. दुपारची वेळ, सगळी दारं बंद. तरी ती थांबली. कठडा धरून, तोंडाने श्वास घेत. तेव्हा कळलं, गप्पा हे निमित्त होतं.

काकांच्या छातीत ५४व्या वर्षी कळ आली, तेव्हा अख्खं घर दवाखान्यात धावलं होतं. मावशीच्या धापेला मात्र "वय झालं" हेच औषध.

तपासण्या केल्या. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही, टूडी एकोत पंपिंग ६० टक्के. आम्ही खूश. डॉक्टरीणबाई मात्र बीपीकडे बघत होत्या. वरचं १६८, खालचं ७०.

"मावशी, झाडांना पाणी घालायची नळी उन्हात कडक झाली, की नळ सोडल्यावर काय होतं?"

"दणका देते मेली!"

तेच झालं होतं. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, ताठर झाली, की ठोक्याचा दणका ती झेलत नाही. वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो. दणके सोसून हृदयाचा स्नायू जाड होतो, नीट सैल पडत नाही, म्हणून हृदय नीट भरत नाही. पुन्हा सांगतो, पंपिंग चांगलं, पण भरणं कमी. म्हणून धाप.

पुरुषांना ब्लॉकेजेस साधारण दहा वर्षं आधी गाठतात. बायकांच्या वाहिन्या पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे लवचिक राहतात. पाळी गेली की ताठरपणा झपाट्याने वाढतो. त्यात हृदय आणि महाधमनी मुळातच लहान. म्हणून हा भरण्याचा आजार उतारवयातल्या बायकांत जास्त. मग हार्मोनच्या गोळ्या? अमेरिकेतली मोठी चाचणी २००२ साली मध्येच थांबवावी लागली. हृदय वाचवायला म्हणून त्या घेऊ नयेत.

आणि "खालचं बरोबर आहे ना, मग झालं" हे आधी सोडा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. दोन्ही!

मावशीला बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, रोजचं चालणं सुरू झालं, ताटातलं मीठ गेलं. लोणच्याची बरणी मात्र अजून फडताळात मागे लपवलेली असते. परवाच सापडली.