बावन्न पोळ्यांचा बैल

(अलिबागमधल्या एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय : 'ज्यू समाजजीवन आणि इस्रायलची शेती'. विषय मीच दिला होता, तेव्हा संयोजकांचा काही दोष नाही. पण फळा वाचून जे ठिबकची माहिती घ्यायला आलेत त्यांनी थोडा धीर धरावा. ठिबक शेवटी आहे. उरलेल्या वेळात बसलं तर. (हशा)

मी एकतीस वर्षं शेती खात्यात काढली. इस्रायल म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे काळी नळी येते. एकदा कचेरीच्या स्मरणिकेसाठी मी 'बेने इस्राएल आणि शेती' असा लेख दिला. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्या साहेबांनी मथळा खोडून वर लिहिलं, 'इस्राएलमधील शेती'. मी म्हटलं, साहेब, हा लेख नवगाव, थळ, किहीम, झिराडचा आहे. ते म्हणाले, मग त्यात इस्राएल कुठे आहे? मी म्हटलं, इस्राएल आळी अलिबागला आहे, एस.टी. स्टँडवरून चालत जाता येतं. लेख छापला नाही. त्या लेखाचं भूत माझ्या मानेवर बसलंय, ते आज तुमच्या मानेवर उतरवतो.

तुम्ही इथलेच, म्हणून बेने इस्राएलांची कथा थोडक्यात. नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, जे बुडाले त्यांना तिथंच पुरलं. ही त्या समाजाची परंपरा. किती शतकांपूर्वी, यावर पंडितांनी भांडावं. आपण पुढे जाऊ. पोथ्या जहाजाबरोबर गेल्या. हिब्रू विसरली. राहिली ती 'शेमा' ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवार. पुढे कोचीहून दाविद रहाबी नावाचे गृहस्थ आले. त्यांनी म्हणे बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढेच शिजवले, बाकीचे बाजूला सारले. रहाबींना ओळख पटली. म्हणजे धर्माची परीक्षा कोणी दिली? चुलीपुढच्या बायकांनी. मला ही गोष्ट फार आवडते. पण माझं म्हणणं असं, की त्या परीक्षेला आणखी एक विद्यार्थी बसवायला हवा होता. त्याचं नाव बैल.

आता बैलाकडे येतो. संयोजकांनी घड्याळ समोरच ठेवलंय, पण मी तिकडे बघत नाही.

हे लोक घाण्यावर तेल काढत. तीळ, खोबरं, कारळे, दिव्यासाठी उंडी. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने नाव दिलं, शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. गावाने धर्म विचारला नाही, सुट्टीचा वार विचारला. सोमवार शंकराचा, म्हणजे नंदीच्या मालकाचा, तेव्हा तिथेही सुट्टी मुळात बैलाचीच होती असं मी म्हणतो. माझ्या बायकोला हे पटत नाही. ती पुढच्या रांगेत बसलीय. (हशा)

आमच्या आजोबांची गोष्ट. आमच्या घराच्या पाठीमागे एक शनिवार तेल्याचं घर होतं. मी पाहिलं तेव्हा घाण्याचं उखळ उरलं होतं आणि त्यात तुळशीसारखं काहीतरी उगवलं होतं. आजोबांच्या तारुण्यात मात्र तो घाणा फिरत होता. एका साली पाऊस लांबला आणि लागला तो एकदम. रोपं तयार, चिखलणी बाकी, आणि आमचा एक बैल पाय धरून बसला. वार शनिवार. पाठीमागे तेल्याचा बैल गोठ्यात उभा, रवंथ करतोय. आजोबा गेले. म्हणाले, "तेलीदादा, तुमचा घाणा आज बंदच हाय, बैल द्या दिवसभर." तेली म्हणाला, "आबा, घाणा माझा बंद हाय. पन शनवार बैलाचापन हाय."

आजोबा खवळले. म्हणाले, देव तुमचा, बैल माझ्या शेतात. त्याला काय कळतंय? तेल्याने शांतपणे सांगितलं, "त्याला नाय कळत, म्हनून तर मला सांभालाय पायजे." आणि रात्री, शनिवार सरल्यावर, चांदण्या दिसल्या तशी स्वतः बैल घेऊन आला आणि रविवारी पहाटेपासून आमच्या खाचरात जुंपून दिला, स्वतः नांगराच्या मागे उभा राहून. त्या दिवशी त्याचा घाणा बंद राहिला. आजोबा त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत, पण बैलाला पेंड घालायला रोज जात. पेंडही तेल्याचीच. (हशा)

पुढचं घरातल्या मंडळींनी वाढवून सांगितलं असावं. म्हणे तो बैल म्हातारा झाल्यावर दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने नेला आणि दर शनिवारी तो जोखडाखाली मान घालीना. मी शेती पदवीधर, माझा विश्वास नाही. पण चाळीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय.

नंतर शास्त्र चाळलं. बायबलातल्या दहा आज्ञांमध्ये शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची आज्ञा आहे. बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात ती गुरांनाही लागू आहे. 'अनुवाद' या पुस्तकात तर बैलाचं नाव घेऊन सांगितलंय : तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझा गाढव. तेल्याच्या घरात हे पुस्तक नव्हतं. वाचायला यायचंही कारण नव्हतं. तरी बैल सुटलेला होता. त्याच पुस्तकात आणखी एक आज्ञा आहे, मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नकोस. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना झापड असते. पण तोंडाबद्दल तेली काय करत, हे विचारायचं राहून गेलं. देशावर बैलाला वर्षातून एकदा पोळा. आमच्या शेजारच्या बैलाला वर्षाला बावन्न.

आता यावरून माझं म्हणणं. पुस्तक विसरलं तरी धर्म टिकला, तो पीकपाण्यात गुंतला म्हणून. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. ही नावं हाईम सॅम्युएल किहीमकरांनी नोंदवून ठेवली. त्यांचा इतिहास 1897 सालचा, छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. नवयाचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. हिब्रू एक अक्षर नाही. ज्यूंचं नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत खिरीचा सण : नव्या तांदळाची खीर, नारळाच्या दुधात, धूप जाळून शेमा म्हणायची. या दिवसांत शेतात काय असतं, सांगा. हळवा भात हाताशी आलेला, गरव्याला अजून महिना. आपणही त्याच सुमाराला दारावर 'नवं' बांधतो. नवयाचा सण म्हणजे नव्या वर्षाचा, असं पुस्तकं सांगतात. मला विचाराल तर त्यात नव्या भाताचा वास आहे. विद्वानांनी माफ करावं.

बिरड्याचा सण जुलै-ऑगस्टातला, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाचा दिवस. उपास सुटला की केळीच्या पानावर वालाचं बिरडं. वाल भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर घेतात, सुकवून ठेवतात, आणि भर पावसात घरात दुसरं काही नसतं तेव्हा भिजवून मोड आणतात. जेरुसलेमचं दुःख कडव्या वालाबरोबर खायचं! याहून कोकणी काय असणार?

आणि नारळ. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, हा ज्यूंचा नियम. मग रस्सा घट्ट कशाने करायचा? जगभरच्या ज्यू सुगरणी यावर डोकं खाजवतात. आमच्याकडे दूध झाडावर लागतं. नव्या वर्षाला करतात त्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही तेच दूध. शुक्रवारी संध्याकाळी पेल्यातल्या पाण्यावर तेल ओतून दिवा लावायचा, तेलही बहुतेक खोबऱ्याचंच. द्राक्षारस नाही, तर मनुका भिजवून त्याचं सरबत. मी काजू-नारळ विभागात होतो तेव्हा म्हणत असे, ज्यूंना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेने कोकण पाहिलं असतं तर वाळवंटात चाळीस वर्षं घालवली नसती.

मलिदा, म्हणजे या समाजाचा नवसाचा प्रसाद, त्याबद्दल बोललो नाही तर इथले स्नेही मला घरी जाऊ देणार नाहीत. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, गुलाब, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे रथातून स्वर्गात गेला असं मानतात त्या एलिया संदेष्ट्याचं गाणं. लग्न, नवस, नवं घर, काहीही निमित्त चालतं. सागाव-खंडाळ्याच्या वाटेवर एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, तिथे जमतात. मी लहानपणी तिथला मलिदा खाल्लाय. सांगणाऱ्या आजी म्हणाल्या, "रथ आला तो इथनंच वर गेला." मी विचारलं, रथाला बैल होते की घोडे? आजी म्हणाल्या, "गप खा." (हशा)

पहिली चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मग हिब्रू परत आली. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनालय, बांधलं. कोचीचे आणि बगदादी शिक्षक आले, मिशनऱ्यांनीही शिकवलं. 1874 मध्ये पुण्यात मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापला गेला, चित्रांसकट. अब्राहाम-योसेफांवर मराठी कीर्तनं झाली. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, सगळीकडे प्रार्थनालयं उभी राहिली, अलिबागचं मागेन अबोथ 1848 चं. माणसं मुंबईला गेली. गिरणी, रेल्वे, टपाल, पलटण, दवाखाना. गावं आडनावात राहिली. सिनेमातले डेव्हिड अब्राहम चेऊलकर, डॉक्टर जेरुशा झिराड, मुंबईचे महापौर एलिजा मोझेस राजपूरकर. घाणा सुटला.

आता इस्रायल, आणि घाईत. 1910 मध्ये देगानिया हे पहिलं किबुत्झ, 1921 मध्ये नहालाल हा पहिला मोशाव. किबुत्झात मुळात जमीन, भांडवल, जेवणखाण सगळं सामायिक. मोशावात घर आणि शेत आपापलं, खरेदी-विक्री सहकाराने. आपल्या सहकाराशी मोशावचं जास्त जमतं, किबुत्झाचं नाही. एका वाक्यात सांगितलं, खरंतर यावर माझा तास होता.

1948 नंतर भारतातून लोक गेले. कोचीच्या ज्यूंपैकी बरेच मोशावांवर बसवले गेले. नेगेवमधलं नेवातीम प्रसिद्ध, आज तिथे त्यांचं वारसा केंद्रही आहे. कोकणचे लोक मात्र दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद अशा शहरांत गेले, कारखान्यात लागले. कारण साधं. ज्यांच्या आजोबांकडे घाणा होता ते स्वतः कारकून, फिटर, नर्स होऊन निघाले होते. शेतीवर उभ्या राहिलेल्या देशात पोचायला त्यांना दोन पिढ्या उशीर झाला होता. त्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यांच्या लग्नांवर अटी घातल्या, तुमचं यहुदीपण तपासू म्हणाले. धरणं झालं. 1964 मध्ये संसदेने ठराव केला, हे पूर्ण यहुदी आहेत. म्हणजे रहाबींनी माशांवर ओळखलं ते संसदेला ठरावाने ओळखावं लागलं. बैलाला विचारायचं, इतकी साधी गोष्ट होती.

दुसरी चिठ्ठी. तिच्यावर नुसतं 'चहा' लिहिलंय.

शेवटचं. तिकडे ते 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात, महाराष्ट्र दिन करतात. तू बिश्वातला हैफाला, कार्मेल डोंगरातल्या एलियाहूच्या गुहेत जातात. इथे उरले चार-पाच हजार, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

ठिबक राहिलं. हात्झेरीम नावाच्या किबुत्झाने 1965 मध्ये त्याचा कारखाना काढला, पाण्याचा थेंब मुळाशी पडतो, पुढचं तुम्हाला दुकानदार सांगेल. ज्यांना अजून विचारायचंय त्यांनी मागच्या टेबलापाशी भेटा. आमच्या स्नेह्यांच्या घरून मलिदा आलाय. ओलं खोबरं घातलेलं आहे आणि उकाडा आहे, तेव्हा आधी तो घ्या.