बाटलीवरचा मोठा आकडा आणि कॅलिपरमधले पाणी

(छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, या सभागृहातले निम्मे जण कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये आहेत आणि उरलेले त्यांचे मित्र असल्यामुळे धरून आणलेले आहेत, असे मला आयोजकांनी आधीच सांगितले आहे. त्यामुळे डिस्क म्हणजे काय आणि मास्टर सिलेंडर कशाला म्हणतात, येथून मी सुरुवात करणार नाही. शर्यतीच्या गाडीसाठी ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकांवरच्या ब्रेकपर्यंत नेणारा द्रव, कसे निवडावे हा आजचा विषय आहे आणि त्यात माझे म्हणणे एवढेच आहे की, आपण बाटलीवरच्या मोठ्या आकड्याला भुलतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत छापलेला दुसरा आकडा वाचायचे कष्ट घेत नाही.

मोठा आकडा कोरड्या उत्कलनबिंदूचा असतो, म्हणजे नुकतेच सील फोडलेल्या द्रवाचा. दुसरा ओल्या उत्कलनबिंदूचा. त्याच द्रवात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किती तापमानाला उकळेल, हे तो सांगतो. डॉट ही या द्रवांची प्रमाणित प्रतवारी; डॉट ३ साठी या किमान मर्यादा २०५ आणि १४० अंश सेल्सिअस आहेत, डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ग्लायकॉल ईथरवर आधारलेले हे सगळे द्रव हवेतली ओल ओढून घेतात. ती रबरी होसमधून झिरपते, रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे बॉनेटखालच्या द्रवाच्या डब्याच्या, झाकणातून शिरते आणि गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघड्या ठेवलेल्या डब्यात तर विनासायास पोहोचते. आपल्या मराठवाड्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की, ही भीती कोकणातल्या लोकांनी बाळगावी, असे कोणालाही वाटेल. पण तोच डबा ऑगस्टमध्येही त्याच फळीवर असतो, आणि तुमची फॉर्म्युला भारत ही विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची स्पर्धा तर कोइमतूरला होते.

पाणी मुरले म्हणून बिघडते काय? साधारण १,००० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर जवळपास ८५० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तिचा मोठा वाटा पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि ट्रॅकवर हे दर फेरीत अनेकदा घडते. डिस्ककडून पॅडकडे, पॅडकडून पिस्टनकडे आणि पिस्टनकडून द्रवाकडे अशी ती उष्णता सरकते. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते, आणि तुम्ही पेडल दाबता ते निव्वळ बुडबुडे दाबण्यात खर्ची पडते. पेडल खाली बसते. पेडल दगडासारखे घट्ट आहे आणि तरीही गाडी थांबत नाही, असे असेल तर दोष पॅडचा आहे. त्यावर महाग द्रव ओतून काही होणार नाही. कन्नडच्या औट्रम घाटात ट्रकचे ब्रेक गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, त्यांचाही या विषयाशी संबंध नाही, कारण मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि तेथे तापतात ते लायनर.

आता माझी एक तक्रार ऐकून घ्या. ती येथे नाही सांगितली तर घरी सांगावी लागेल, आणि घरी ती पाठ झालेली आहे. मी माझी गाडी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरला दिली होती. बिलात ‘ब्रेक फ्लुइड बदलले’ अशी स्वच्छ नोंद होती, मजुरी वेगळी लावली होती, आणि बॉनेट उघडून पाहिले तर रिझर्व्हॉयरमधला द्रव खरोखरच पारदर्शक, फिकट पिवळसर दिसत होता. मला मात्र सवय अशी की, चाक काढल्याशिवाय समाधान होत नाही. पुढचे चाक काढले तर ब्लीडर निपलच्या, म्हणजे ब्रेकमधला द्रव बाहेर काढायच्या तोटीच्या, रबरी टोपीवर वाळूज रस्त्यावरचा चिखल वाळून बसलेला, एकही तडा न जाता, जसाच्या तसा. निपलला पारदर्शक नळी लावून ते पाव फेरी सैल केले आणि पेडल दाबायला लावले, तेव्हा नळीत जो द्रव उतरला तो कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. मंडळींनी मोठ्या सिरिंजने वरच्या डब्यातला जुना द्रव ओढून घेतला होता, त्यात नवा ओतला होता आणि खालच्या चारही कॅलिपरना, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चाकांजवळच्या भागांना, हातसुद्धा लावला नव्हता. मी परत जाऊन विचारले तेव्हा तेथील सल्लागाराने मला अतिशय नम्रपणे विचारले, “सर, पण वरून क्लिअर दिसतंय ना?” दिसत होते, वादच नाही. परंतु ब्रेकचा द्रव इंजिन ऑइलसारखा फिरत नसतो. कॅलिपरमधला द्रव वर्षानुवर्षे कॅलिपरमध्येच राहतो, आणि उकळतो तोही तेथेच. वरच्या डब्यातला द्रव हा साऱ्या यंत्रणेतला सर्वांत थंड आणि निरुपद्रवी भाग आहे. तुमच्या टीममध्येही ‘बदलले’ असे कोणी सांगितले, तर आधी निपलची टोपी पाहा.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि तीत ‘दहा मिनिटे’ खोडून ‘पाच’ केले आहे, म्हणून मूळ विषय आता घाईने उरकतो.

तुमच्या फॉर्म्युला गाडीचे चालकासह वजन ३०० किलो धरले आणि वेग ताशी ८०, तर ती पूर्ण थांबवताना सुमारे ७४ किलोज्यूल ऊर्जा निघते. मोठ्या गाडीच्या मानाने हे फारच थोडे आहे. तुमची डिस्कही लहान असते हे खरे, पण ताजे, नामांकित डॉट ४ किंवा ५.१ तुम्हाला पुरते. कॅलिपरवर तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवून मोजा आणि मगच पैसे खर्च करा. रस्त्यावरची गाडी हौसेने ट्रॅकवर नेणाऱ्याने मोटुल आरबीएफ ६०० किंवा ६६० या जातीचा द्रव घ्यावा. त्यांचे कोरडे आकडे ३१२ आणि ३२५ अंश आहेत, पण ओले दोनशेच्या थोडे वरच आहेत, म्हणून स्पर्धेआधी चारही चाकांतून तो बदलणे आलेच. जेथे तासन्‌तास गाडी पळते आणि मध्ये ब्लीडिंगला, म्हणजे निपलमधून जुना द्रव आणि हवा काढून टाकायला, वाव नसतो, तेथे कॅस्ट्रॉल एसआरएफ वापरतात. त्याचा कोरडा आकडा ३२० आहे, पण खरी किंमत मोजायची ती ओल्या २७० साठी. एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर द्रव किती पातळ आहे हेही पाहावे, कारण तिच्या मॉड्युलेटरच्या बारीक वाटांतून त्याला वेगाने जावे लागते. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश घ्या. गाडी पिटमध्ये उभी राहिली की वारा थांबतो, डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये उतरते, आणि ट्रॅकवर न उकळलेला द्रव तेथे उकळतो.

चिठ्ठीच्या मागे कोणीतरी डॉट ५ बद्दल विचारले आहे. ते सिलिकॉनचे असते, पाणी शोषत नाही, आणि नेमके म्हणूनच आत शिरलेले पाणी वेगळे राहून कॅलिपरच्या तळाशी साचते व १०० अंशांच्या आसपास उकळते. त्यात हवाही मिसळून राहते, ते थोडे अधिक दबते, आणि ग्लायकॉलच्या द्रवात ते मिसळत नाही. जुन्या मोटारींच्या हौशी मालकांना ते आवडते, कारण सांडले तरी गाडीचा रंग जात नाही. तुमच्या गाडीच्या रंगाची काळजी असेल तर ब्लीडिंग करताना शेजारी पाण्याची बादली ठेवा; सांडलेले ग्लायकॉल लगेच धुतले तर निघून जाते.