हा पेशंट कुणाचा?

[पडद्यावर: ऑपरेशन थिएटर. दिव्याखाली हातमोजे घातलेले दोन हात, स्थिर.]

ऑपरेशन मध्यावर थांबलंय. स्तनातली गाठ निघाली आहे, रक्तस्राव आटोक्यात आहे, तरी सर्जन टाके घालायला घेत नाहीत. काढलेला तुकडा शेजारच्या प्रयोगशाळेत गेलाय आणि सगळं थिएटर एका निरोपाची वाट पाहतंय.

प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्टच्या हाताशी वेळ थोडा आहे. तुकड्याच्या कडांना त्या वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, म्हणजे वरची बाजू कुठली आणि खालची कुठली, यात नंतर घोळ होत नाही. मग शून्याखाली वीस अंशांच्या आसपास तुकडा गोठवायचा, पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जाडीचे काप काढायचे, काचपट्टीवर घेऊन रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. कर्करोगाच्या पेशी शाईच्या रेषेपर्यंत पोचल्यात का, एवढंच पाहायचं असतं. वीसेक मिनिटांत फोन जातो: "कडा मोकळ्या आहेत." किंवा, "खालच्या बाजूला अजून आहे, थोडं आणखी घ्या."

टेबलावर भुलीखाली असलेल्या बाई या पॅथॉलॉजिस्टना कधी भेटलेल्या नाहीत, बहुधा भेटणारही नाहीत. त्या सांगताना सर्जनचंच नाव सांगतील. पण गाठ आधी टिपली रेडिओलॉजिस्टनी, श्वास आणि रक्तदाब सांभाळला भूलतज्ज्ञांनी, सुरी कुठवर न्यायची ते ठरलं प्रयोगशाळेत, आणि पुढची औषधं नि किरणोपचार ठरवायला आणखी दोन तज्ज्ञ लागणार आहेत.

एवढ्या शाखा आल्या कुठून? शरीराचा नकाशा पुढे ठेवून कुणी त्याचे वाटे केले, असं घडलेलं नाही. बहुतेक शाखांच्या मुळाशी गेलं की एक प्रश्न भेटतो, जो रुग्णालयाच्या वॉर्डात आजही रोज कानावर पडतो: हा पेशंट कुणाचा? जिथे या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं, तिथे नवी शाखा उभी राहिली.

[पडद्यावर: शीर्षक.]

वाटण्या तशा फार जुन्या. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून गेलाय, की इजिप्तमध्ये एकेक वैद्य एकेकाच रोगाचा असतो. कुणी डोळ्यांचा, कुणी दातांचा, कुणी पोटाचा. आयुर्वेदाने आपली आठ अंगं मांडली. त्यात शस्त्रक्रियेला शल्यतंत्र, बालकांसाठी कौमारभृत्य, तर विषबाधेसाठी वेगळं अगदतंत्र होतं.

युरोपात मात्र मोठी फाळणी झाली ती प्रतिष्ठेवरून. फिजिशियन विद्यापीठात शिकायचा, पुस्तकं वाचायचा, औषध लिहून द्यायचा. कापाकापीचं काम न्हाव्यांकडे. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि सर्जन यांचा एकच संघ झाला, आणि त्यांनी फारकत घेतली ती थेट १७४५ साली. ब्रिटनमध्ये सर्जन आजही नावामागे 'डॉक्टर' न लावता 'मिस्टर' लावतात, ते तेव्हापासूनचं.

आजच्या अर्थाच्या शाखांना पाया मिळाला १७६१ साली. इटलीतल्या पादुआचे शरीररचनातज्ज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी तेव्हा ७९ वर्षांचे होते. सुमारे ७०० शवविच्छेदनांच्या नोंदी त्यांनी छापल्या आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट ताडून पाहिली: माणूस जिवंत असताना तक्रार काय होती, आणि आत बिघाड कुठे सापडला? तोवर रोग म्हणजे सबंध शरीरातल्या द्रवांचा समतोल ढळणं, अशी समजूत होती. मोर्गान्यींनी रोगाला अवयवात जागा दाखवली. रोग जर यकृतात किंवा हृदयाच्या झडपेत राहतो, तर त्या जागेचा जाणकार असण्यालाही अर्थ येतो.

पण तोवर हे सगळं कळायचं माणूस मेल्यानंतर. जिवंत माणसात डोकावायला साधनं हवी होती. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लॅनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण जगापुढे ठेवलं. त्याआधी डोळा वरून निरोगी दिसतोय आणि दृष्टी मात्र गेली, अशा माणसाला डॉक्टर काहीही सांगू शकत नसत. आता जिवंत माणसाचा दृष्टिपटल, त्यावरच्या रक्तवाहिन्या समोर दिसू लागल्या. नेत्रवैद्यक सर्वांत आधी स्वतंत्र झालेल्या शाखांपैकी एक आहे, ते याच बळावर. १८९५ साली राँटगेन यांचे क्ष-किरण आले आणि रेडिओलॉजी जन्मली.

भूलशास्त्राची गोष्ट निराळी. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाला गुंगीत नेलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली. तोपर्यंत सर्जनचा मोठेपणा वेगात मोजला जायचा. धरून ठेवलेल्या माणसाचा पाय किती लवकर कापता, यात. ईथरनंतर सर्जनना सवड मिळाली, पण झोपलेल्या माणसाकडे बघायला कुणीतरी हवं, हे जगाच्या लक्षात यायला वेळ लागला. लंडनचे जॉन स्नो हे त्या कामाला वाहून घेणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी. राणी व्हिक्टोरियाला १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म त्यांनीच दिला. आणि पुढच्याच वर्षी लंडनमधल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत कॉलऱ्याचा माग काढला तोही त्यांनीच. साथरोगशास्त्र आणि भूलशास्त्र, आज एकमेकांपासून कोसभर लांब असलेल्या या दोन शाखा एकाच माणसाला आपला पूर्वज मानतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

[पडद्यावर: कोपनहेगन, १९५२. हाताने दाबायच्या रबरी पिशवीचं जवळून दृश्य.]

आता जरा थांबू या. कारण एक शाखा जन्माला येताना इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

१९५२ चा उन्हाळा. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात अशी मुलं येत होती, ज्यांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडले होते. लोखंडी फुप्फुस म्हटलं जाणारं पेटीसारखं यंत्र एकच. छातीवर बसवायची साधनं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. ही सगळी मुलं संसर्गरोगतज्ज्ञांच्या हवाली होती, आणि त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते जिवाचं रान करत होते. रक्त तपासलं की त्यात कार्बन डायऑक्साइडची पातळी चढलेली दिसायची. त्यावरून शरीरातला अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा घटक, वाढलाय, असा अर्थ लावला जायचा.

विभागप्रमुख लासेन यांनी बियोर्न इब्सेन यांना बोलावलं. इब्सेन भूलतज्ज्ञ; साथीच्या वॉर्डात त्यांचं काय काम, असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी मृत रुग्णांची फुप्फुसं पाहिली आणि त्यांना दिसलं, की ती निकामी झालेली नव्हती. मग त्यांनी रोज थिएटरमध्ये जे पाहत होते, तेच इथे ओळखलं: या मुलांचा श्वासच पुरा पडत नाही, म्हणून हा वायू आत साचतोय.

२७ ऑगस्ट. चारही हातपाय लुळे पडलेली १२ वर्षांची मुलगी, मरणाच्या दारात. तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली. ती तडफडू लागली, फुप्फुसातल्या श्वासनळ्या आखडल्या, हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला भुलीचं औषध दिलं. तिचा स्वतःचा श्वास थांबला, आणि मग रबरी पिशवी दाबून ते तिच्यासाठी श्वास घेऊ लागले. मुलीचा रंग परतला. ती जगली.

पण यंत्रं कुठे होती? यंत्रांच्या जागी आले वैद्यकीय विद्यार्थी. सुमारे १५०० जणांनी पाळ्या लावून, दिवसरात्र, मुलांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. साथ ऐन भरात असताना एकाच वेळी ७० रुग्ण असे हातांवर जगत होते. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच गंभीर रुग्णांसाठी कायमचा वेगळा विभाग उभा केला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो, तो. या विभागाला ना कुठला अवयव आहे, ना कुठला रोग. मरणाच्या काठावर आलेला कुणीही माणूस त्यांचा.

त्याच १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एक भूलतज्ज्ञ, व्हर्जिनिया अपगार, नवजात बाळांकडे पाहत होत्या. बाळंतपणात सगळ्यांचं लक्ष आईकडे. बाळ निपचित असलं, तर ते तसंच राहून जाई. अपगार यांनी पाच गोष्टी ठरवल्या: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. जन्मानंतर एका मिनिटाने कुणीतरी बाळाकडे पाहून आकडा लिहायचा, एवढंच. पण आकडा लिहायचा म्हणजे बाळाकडे पाहावं लागतं. नवजात शिशूंची स्वतंत्र शाखा उभी राहायला अशा नजरेचा मोठा हात लागला.

नवजात बाळ मुलांच्या डॉक्टरांनाही कोड्यात टाकायचं. १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मोठ्यांच्या मात्रेवरून, वजनाच्या हिशेबाने बाळांना दिलं जाई. हिशेब बरोबर असायचा आणि बाळं राखाडी पडून दगावायची. त्यांचं यकृत ते औषध निचरूच शकत नव्हतं.

आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही हेच. म्हातारपणी हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो, न्यूमोनियात ताप नसूही शकतो, माणूस फक्त बरळायला लागतो. लंडनमध्ये १९३५ नंतर मार्जरी वॉरन यांच्या वाट्याला शेकडो वृद्ध आले. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, निदान कुणी केलेलं नाही. वॉरन यांनी एकेकाला नीट तपासलं. बरेच जण पुन्हा उठून चालू लागले, काही तर घरी गेले. तिथून वृद्धांच्या वैद्यकाला खरी सुरुवात झाली.

आणि "आता काही करण्यासारखं नाही" असं सांगून ज्यांच्याकडे पाठ फिरवली जायची, त्यांचं काय? सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मरणासन्न माणसांच्या वेदनेकडे डॉक्टरच लक्ष देत नाहीत म्हणून पुढे स्वतः डॉक्टर झाल्या. दुखू लागल्यावर मॉर्फिन देण्यापेक्षा दुखण्याआधीच, घड्याळ लावून द्यायचं, हा त्यांचा आग्रह. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये अशा मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. ब्रिटनने उपशामक, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली ती १९८७ साली.

[पडद्यावर: टेबलावर औषधांच्या पाकिटांची रांग.]

आता अडचणीची बाजू. शाखा जितक्या वाढतात, तितके त्यांच्यामधले सांधेही वाढतात.

गुडघे दुखतात म्हणून एका वयस्क माणसाला वेदनाशामक गोळी सुरू होते. तिने अंगात मीठ-पाणी साचतं, रक्तदाब चढतो. दुसरे डॉक्टर रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन देतात. तिने पावलं सुजतात. सुजेसाठी तिसरे डॉक्टर लघवी वाढवणारी गोळी देतात. तिने रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड वाढतं, एका रात्री पायाचा अंगठा ठणकू लागतो, आणि त्यासाठी पुन्हा वेदनाशामक. यात कुणाचंही निदान चुकलेलं नाही. रक्तदाब होता, सूज होती, संधिवात होता. फक्त चारही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलं नाही.

म्हणून माझ्या मते आजची सर्वांत कठीण शाखा फॅमिली डॉक्टरची. सगळे विशेषज्ञ झाल्यावर उरलेला तो सामान्य डॉक्टर, असं त्याच्याकडे पाहिलं गेलं, आणि ते अन्यायाचं होतं. अमेरिकेत १९६९ साली फॅमिली मेडिसिनला विशेष शाखेचा दर्जा मिळाला. तेव्हा या नव्या शाखेने आपल्या डॉक्टरांना ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देणं बंधनकारक केलं. असं करणारी तिथली ती पहिलीच शाखा.

आपल्या गुडघेवाल्या माणसाने सगळी पाकिटं पिशवीत भरून अशा डॉक्टरसमोर ठेवली, तर ते नवीन काही लिहायच्या आधी एकेक पाकीट उचलून विचारतील: ही कधी सुरू झाली, कशासाठी, आणि त्यानंतर काय बदललं? तारखा जुळल्या, की पहिली बंद होते ती गुडघ्याची गोळी.