काठावर उभं राहा

श्रोतेहो, नमस्कार!

पक्षी बघायचे तर ताडोबा नाहीतर पेंचच गाठावं लागतं, असं आपल्या नागपूरकरांनी उगाच ठरवून टाकलंय. अंबाझरीचा झाडीकडचा काठ, गोरेवाड्याचं जंगल, जरा लांब कन्हानचं पात्र, हे सगळं हाताशी असताना! ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ सलीम अलींच्या. मुहूर्त लागत असेल तर तो धरा.

माझं सांगणं एकच, चालणं कमी करा. पायवाटेला लागलो की आपण किलोमीटर मोजतो, वर घरच्या गप्पा. त्यापेक्षा झाडी संपून पाणी लागतं तिथे एखाद्या बाभळीआड अर्धा तास उभे राहा. ऊन पाठीवर घ्या, नाहीतर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. सुरुवातीला टिटवी आरडाओरडा करून तुमची वर्दी देईलच. देऊ द्या. ती थंडावली की काठ पुन्हा कामाला लागतो.

ठुंठावर पंख पसरून बसलेला पाणकावळा नीट बघा. बदकाच्या अंगावरून पाणी ओघळतं, याचे पंख मात्र भिजतात. त्यामुळे बुडी मारायला सोपं जातं, पण नंतर ते वाळवत बसावं लागतं. कवड्या धीवराची तऱ्हा वेगळी. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत राहतो, चोच खाली, नजर पाण्यात, आणि मग सरळ सूर. मासा हुकला की पुन्हा वर!

झाडीत शिरलात की मात्र डोळ्यांपेक्षा कान कामाचे. तांबटाची टुकटुक मिनिटभर चालते, तरी पठ्ठ्या दिसेल तर शपथ. नवरंग थंडीत शोधू नका, तो दक्षिणेकडे, पार श्रीलंकेपर्यंत जातो. पावसाळ्याच्या तोंडाशी विणीला इकडे येतो आणि पहाटे दोन सुरांची शीळ घालतो.

तेव्हा मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला बोलावणारे हौशी भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा घरट्याचं काम सोडून भांडायला धावतो. फोटो मिळतो, पण त्याची सकाळ फुकट जाते. फोन खिशातच असू द्या. आणि गोरेवाड्यात बिबटे आहेत, तेव्हा एकट्याने आडवाटेला शिरू नका.